घरी ललितासहस्रनामाचं कुंकुमार्चन: आदल्या आठवड्यापासून कुंकू भरून ठेवेपर्यंत

सहाशेव्या नावाच्या आसपास कुंकू संपतं. कुणाची तरी दोन पानं एकदम उलटली जातात. आठशेच्या पुढे नावं ऐकूच येत नाहीत, नुसतं ‘नमः, नमः’ उरतं. शेवटी ‘ललितांबिकायै नमः’ म्हणून सगळे हात जोडतात, पण हजार नावं झाली की साडेनऊशे, हे कुणालाच सांगता येत नाही. नवरात्रात, शुक्रवारी, पौर्णिमेला घरोघरी हौसेने कुंकुमार्चन, म्हणजे देवीच्या एकेका नावाला चिमटीभर कुंकू वाहणं, मांडलं जातं आणि बहुतेक घरी अडचण याच जागांवर येते. भाव सगळ्यांकडे असतो. तयारी मात्र आदल्या रात्री आठवते.

म्हणून हा लेख फक्त तयारीबद्दल आणि क्रमाबद्दल आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते: या उपासनेत नाव मुख्य आहे आणि कुंकू नावामागून जातं. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून आल्या आहेत.

## १. आधी ठरवा: पाठ करायचा की अर्चन?

पोथीत दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात आणि घोळ इथूनच सुरू होतो.

पहिली गोष्ट म्हणजे स्तोत्र. ब्रह्मांडपुराणात हयग्रीवांनी अगस्त्यांना सांगितलेली हजार नावं १८२ श्लोक आणि वर अर्धा श्लोक, अशी अनुष्टुभ छंदात गुंफलेली आहेत. ‘श्रीमाता श्रीमहाराज्ञी श्रीमत्सिंहासनेश्वरी’ अशी सुरुवात होते. हा पाठ सराव असेल तर अर्ध्या ते पाऊण तासात होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नामावली. तीच नावं चतुर्थी विभक्तीत, प्रत्येकापुढे ‘नमः’ लावून म्हणायची: श्रीमात्रे नमः, श्रीमहाराज्ञ्यै नमः, श्रीमत्सिंहासनेश्वर्यै नमः. मिनिटाला १५ नावं धरली तर हजार नावांना सुमारे ६७ मिनिटं लागतात. आधीची पूजा आणि नंतरची आरती धरून दोन तास हाताशी ठेवा.

कुंकुमार्चन नामावलीवरच करायचं. स्तोत्र म्हणत म्हणत चिमटी टाकायला गेलात तर हात आणि तोंड जुळत नाही. स्तोत्रात कुठे अख्ख्या ओळीत एकच नाव आहे, तर कुठे एका श्लोकात दहा नावं आहेत. ‘निर्लेपा निर्मला नित्या निराकारा निराकुला । निर्गुणा निष्कला शांता निष्कामा निरुपप्लवा’ या दोन ओळींत दहा चिमटी टाकून बघा, म्हणजे कळेल.

आमची कुलदेवी तुळजापूरची, आमची कोल्हापूरची, मग ललितेची नावं चालतील का, असं अनेकजणी विचारतात. भवानी, महालक्ष्मी, दुर्गा, चंडिका ही सगळी नावं या हजारांत आहेत. समोर कुलदेवीचा टाक ठेवून ही नामावली म्हणायला काहीच हरकत नाही. घराण्यात दुसऱ्या सहस्रनामाची परंपरा असेल तर मात्र तीच चालू ठेवा आणि एका बैठकीत दोन नामावल्या मिसळू नका.

दिवस कोणता घ्यावा? फलश्रुतीत, म्हणजे पाठाचं फळ सांगणाऱ्या शेवटच्या भागात, संक्रांत, विषुव, अयन, नवमी, चतुर्दशी, शुक्रवार आणि विशेष करून पौर्णिमा सांगितली आहे. यातला जो दिवस तुम्हाला घाईशिवाय मिळेल तो घ्या.

सावध: वेळ अर्ध्या तासाचाच असेल तर अष्टोत्तरशत, म्हणजे १०८ नावं घ्या. हजार नावं पंचवीस मिनिटांत कोंबण्यापेक्षा १०८ नावं स्पष्ट म्हणणं कितीतरी चांगलं.

## २. पोथी तपासा (किमान एक आठवडा आधी)

ही पायरी जवळजवळ कुणीच करत नाही आणि हजाराची मोजणी इथेच चुकते. स्वस्त पुस्तिकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या प्रतींत लांब नावं मधूनच तोडलेली असतात, एखादी ओळ गळलेली असते, क्रमांक दोनदा छापलेले असतात. भास्कररायांनी या सहस्रनामावर लिहिलेल्या ‘सौभाग्यभास्कर’ भाष्यातली नामविभागणी आज सर्वत्र प्रमाण धरतात. त्या विभागणीप्रमाणे शंभराच्या टप्प्यांवर येणारी नावं अशी:

१०० – ब्रह्मग्रंथिविभेदिन्यै
२०० – सर्वमंगलायै
३०० – नामरूपविवर्जितायै
४०० – व्यापिन्यै
५०० – मांसनिष्ठायै
६०० – दक्षयज्ञविनाशिन्यै
७०० – सच्चिदानंदरूपिण्यै
८०० – रसशेवधये
९०० – नैष्कर्म्यायै
१००० – ललितांबिकायै

तुमच्या पोथीत ही नावं याच क्रमांकांवर येतात का ते बघा. एखाद्या शतकात फरक पडला तर तेवढीच शंभर नावं स्तोत्राशी ताडून पाहा, चूक तिथेच सापडेल. मग या दहा नावांखाली पेन्सिलने रेघ ओढा. अर्चनाच्या दिवशी हेच तुमचे थांबे.

विभक्तीही बघून घ्या. ‘श्रीमातायै नमः’ असं छापलेलं असेल तर ती पुस्तिका बाजूला ठेवा. माता शब्दाची चतुर्थी ‘मात्रे’ होते. तसंच ‘वियदादिजगत्प्रसूः’चं ‘वियदादिजगत्प्रसुवे’, ‘जगद्धात्री’चं ‘जगद्धात्र्यै’, ‘पाशहंत्री’चं ‘पाशहंत्र्यै’. सगळ्या नावांना डोळे मिटून ‘यै’ लावलेली पोथी नको.

तपासा: सगळ्यांच्या हातात एकाच आवृत्तीच्या प्रती आहेत ना? दोन आवृत्त्या असतील तर पानं वेगळी पडतात आणि अर्धा गट सतत शोधत राहतो.

## ३. जिभेला वळण लावा

अर्चन नवरात्रात करायचं असेल तर हे काम महिनाभर आधी सुरू करा. रोज शंभर नावं मोठ्याने वाचली तरी महिन्याभरात नामावली तीन वेळा होते. स्तोत्र पाठ करायचं असेल तर गुढीपाडव्यापासून आठवड्याला दहा श्लोक धरा. साधारण १९ आठवड्यांत स्तोत्र पूर्ण होतं आणि घटस्थापनेपर्यंत उजळणीला महिन्याहून जास्त वेळ उरतो.

आपण मराठी बोलणारे नेमके कुठे घसरतो, ते बघा.

च, ज, झ. मराठीत ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळा आहे. संस्कृतात फक्त ‘चहा’तला, तालव्य च आहे. ‘चतुर्बाहुसमन्विता’, ‘चंपकाशोक’, ‘जया’, ‘जगद्धात्री’ हे सगळे तालव्यच म्हणायचे. ‘जया’मधला ज ‘जग’सारखा न म्हणता ‘जीव’सारखा म्हणा.

शब्दातला अ. मराठीत आपण ‘राज’ लिहितो आणि ‘राज्’ म्हणतो. ही सवय घेऊन ‘चक्रराजरथारूढसर्वायुधपरिष्कृता’ म्हटलं की ‘चक्रराज्रथारूढ्सर्वायुध्’ असं होतं आणि छंद मोडतो. प्रत्येक अ पूर्ण उच्चारा.

ह्म, ह्न. ब्रह्म म्हणताना आधी ह, मग म. आपण ‘ब्रम्ह’ आणि ‘वन्ही’ म्हणतो. ‘ब्रह्मग्रंथिविभेदिन्यै’ आणि ‘वह्निमंडलवासिन्यै’ ही दोन नावं रोज पाच वेळा म्हणा, सवय मोडते.

नमः. विसर्ग हलका ठेवायचा. ‘नमहाऽऽ’ असा लांबवला तर हजार वेळा दम जातो आणि ‘नम’ म्हटलं तर विसर्गच जातो.

ज्ञ. महाराष्ट्रात आपण ‘द्न्य’ म्हणतो, इतर प्रांतांत वेगळं म्हणतात. यावरून घरात वाद घालू नका. ज्या उच्चारात शिकलात तोच शेवटपर्यंत ठेवा.

उच्चारानंतर येतो तो नाव तोडण्याचा प्रश्न. ‘चंपकाशोकपुन्नागसौगंधिकलसत्कचा’ हे सोळा अक्षरांचं एकच नाव आहे: चाफा, अशोक, पुन्नाग आणि सौगंधिक या फुलांनी जिचे केस शोभतात ती. ‘पुन्नाग’पाशी श्वास घेऊन पुढचं वेगळं नाव असल्यासारखं म्हटलं की चिमटी दोन पडतात. ‘भवदावसुधावृष्टिः’ म्हणजे संसाराच्या वणव्यावर होणारा अमृताचा वर्षाव. ‘भवदा’ म्हणून थांबू नका. ‘स्वाहा स्वधाऽमतिर्मेधा’ या चरणात अवग्रहात (ऽ या खुणेत) ‘अमति’ दडली आहे, तिला ‘मति’ करू नका. सगळ्यात कठीण पट्टा ६५ ते ८२ या नावांचा, भंडासुर या दैत्याशी झालेल्या देवीच्या युद्धाचा. तिथे लांबच लांब समास एकामागून एक येतात. हा पट्टा वेगळा काढून, तुकडे करून, मग जोडून म्हणा.

याच्या उलट अडचण १३२च्या पुढे येते. तिथे छोटी नावं एकामागून एक, पुढे तर जोडीने येतात: निर्मदा, मदनाशिनी, निर्मोहा, मोहनाशिनी, निर्ममा, ममताहंत्री, निष्पापा, पापनाशिनी. सगळी सारखी वाटतात आणि डोळा एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडी मारतो. इथे बोट पानावर ठेवूनच वाचायचं, कितीही पाठ असलं तरी.

नावांचा अर्थ एकदा तरी मराठीतून वाचून घ्या. सुरुवातीला देवीचं रूप केसांपासून पायांपर्यंत येतं, मग युद्ध, मग निर्गुण रूपाची ही ‘नि’ची माळ, पुढे ४७५ ते ५३४ मध्ये चक्रांमधल्या योगिनींची रूपं. आपण कुठल्या भागात आहोत हे माहीत असलं की मन भरकटत नाही. त्या योगिनींच्या भागात ‘रुधिरसंस्थिता’, ‘मांसनिष्ठा’, ‘अस्थिसंस्थिता’ ही नावं ऐकून नवीन मुली दचकतात. त्वचा, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या शरीरातल्या सात धातूंमध्ये तीच राहते, एवढंच तिथे सांगितलं आहे. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

सावध: प्रत्येक नावाआधी ‘ऐं ह्रीं श्रीं’ लावणं आणि अशा बीजाक्षरांसह न्यास करणं (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करणं) हे ज्यांना गुरूकडून मिळालं आहे त्यांच्यासाठी. स्तोत्र स्वतःला ‘रहस्यनाम’ म्हणवतं, त्याचा मान ठेवा. बाकीच्यांनी ‘ॐ श्रीमात्रे नमः’ असं साधं म्हणावं, त्यात काही उणं राहत नाही.

## ४. सामान: कुंकू सगळ्यात आधी

किती कुंकू लागेल हे चिमटीवर ठरतं. एका आवर्तनाला शंभर ग्रॅमपासून पाव किलोपर्यंत लागू शकतं. अंदाज बांधत बसू नका. वाटीत मोजून शंभर चिमटी टाका, वजन करा, दहाने गुणा आणि त्यावर थोडं जास्त आणा.

कुंकू हळदीचं घ्या. चिमूटभर कुंकू पेलाभर पाण्यात टाका. पाणी लगेच भडक गुलाबी झालं तर त्यात रंग मिसळलेला आहे. असं कुंकू बोटांवर, चांदीवर आणि फरशीवर डाग सोडतं, शिवाय नंतर प्रसाद म्हणून कुणाच्या कपाळाला लावायलाही बरं नाही. आणलेलं कुंकू चाळणीतून काढा, गुठळ्या राहिल्या की एका चिमटीत पाच चिमट्यांचं कुंकू जातं. कोकणात, गोव्यात हवा दमट असते, तिथे आदल्या दिवशी ताटात पसरून ठेवा.

सावध: शेंदूर म्हणजे कुंकू नव्हे. शेंदरात शिसं असतं, तो या कामाला वापरू नका. कुंकवाची धूळही नाकात जाते. दमा असलेल्या व्यक्तीने थोडं लांब बसून नुसतं ‘नमः’ म्हणावं.

बाकीचं सामान: दोन ताम्हनं (एक स्नानासाठी, एक अर्चनासाठी), पळी-पंचपात्री, समई, निरांजन, उदबत्ती, अक्षता (तांदूळ अखंड हवेत), विड्याची पानं, सुपाऱ्या, हळद, गंध, कोरडं मऊ फडकं, कुंकवासाठी रुंद तोंडाची वाटी आणि बोटं पुसायला छोटा रुमाल. हा रुमाल सगळे विसरतात. घामाने बोटं चिकट झाली की दोनशे नावांनंतर चिमटी सुटतच नाही.

फुलांसाठी धावपळ करू नका. फलश्रुतीत अर्चनासाठी कमळ आहे, तसा चाफा, जाई, मोगरा, कण्हेर आणि बेलाचं पानही आहे. दारात जे असेल ते चालतं. कण्हेर विषारी असते, तेव्हा ती हाताळल्यावर हात धुऊनच नैवेद्याला लागा.

आणि नैवेद्य काय करायचा, हे पोथीतच सापडतं. ‘पायसान्नप्रिया’, ‘गुडान्नप्रीतमानसा’, ‘दध्यन्नासक्तहृदया’, ‘मुद्गौदनासक्तचित्ता’: खीर, गूळभात, दहीभात, मूगभात. यातलं काहीही एक, मनापासून केलेलं, पुरतं. स्वयंपाक अर्चनाच्या आधी आटपा. निम्म्या नावांत कुकरची शिट्टी मोजायला उठणं टाळता येतं.

## ५. कशावर अर्चन करायचं?

धातूची मूर्ती, चांदीचा टाक, श्रीयंत्र किंवा विड्याच्या पानावर ठेवलेली सुपारी, यांपैकी काहीही चालतं. टाक छोटा असतो, तीनशे नावांतच कुंकवाखाली जातो. त्याने काही बिघडत नाही. पाषाणाच्या मूर्तीवर थेट कुंकू टाकू नका, सच्छिद्र दगडात रंग शिरतो. काचेच्या तसबिरीवर कुंकू टिकत नाही, खाली सांडतं. तसबीर मागे ठेवा आणि पुढे ताम्हनात सुपारी मांडा.

नवरात्रात एक अडचण हमखास येते. पुष्कळ घरांत घटस्थापनेला टाक विड्याच्या पानांवर बसवले की नऊ दिवस हलवत नाहीत, त्यांना स्नानही नसतं. ऐनवेळी सासूबाई आणि सुनेचा यावरून खटका उडतो. उपाय सोपा आहे: बसवलेले देव जागेवर राहू द्या आणि अर्चनासाठी वेगळी सुपारी किंवा वेगळी मूर्ती ताम्हनात घ्या. घटापासून हातभर अंतर ठेवा, कुंकू पेरलेल्या धान्यात जायला नको.

मांडणी करताना ताम्हन तुमच्या समोर आणि कुंकवाची वाटी त्याच्या उजवीकडे, अगदी लागून. पोथी डाव्या हाताला, डोळ्यांच्या रेषेत, स्टँडवर किंवा पाटावर. समई हात लागणार नाही इतकी दूर. पंखा बंद. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा आणि ताम्हन टेबलावर घ्या. दीड तास वेदनेत बसून नावांकडे लक्ष राहत नाही.

तपासा: बसल्या जागेवरून, पाठ न वाकवता, वाटीतून ताम्हनात हात सहज जातो का? दहा चिमटी कोरड्याच टाकून बघा.

## ६. पूजेचा क्रम: अर्चन कुठे बसतं?

सगळ्यात जास्त चूक होते ती क्रमाची. अर्चन झाल्यावर अभिषेक करायला घेतात आणि कुंकवाचा चिखल होतो. क्रम असा ठेवा:

१. आचमन, प्राणायाम, गणपतीचं स्मरण.
२. संकल्प. संस्कृत येत असेल तर तिथी-वार उच्चारून ‘श्रीललितासहस्रनामभिः कुंकुमार्चनं करिष्ये’. येत नसेल तर मराठीत सांगा: आज अमुक दिवशी, अमुक कारणाने, देवीला हजार नावांनी कुंकू वाहते.
३. कलश, शंख, घंटा आणि दिवा यांची पूजा.
४. देवीला स्नान किंवा अभिषेक, पहिल्या ताम्हनात.
५. मूर्ती पूर्ण कोरडी करून दुसऱ्या ताम्हनात ठेवणं. कोरीव भाग, पायांमधली फट, प्रभावळीची मागची बाजू नीट पुसा. ओली मूर्ती म्हणजे लगदा, आणि तो वाळला की खरवडावा लागतो.
६. वस्त्र, गंध, हळदी-कुंकू, फुलं.
७. ध्यान आणि कुंकुमार्चन.
८. धूप, दीप, नैवेद्य, विडा.
९. आरती, प्रदक्षिणा, मंत्रपुष्पांजली, क्षमाप्रार्थना.

म्हणजे अर्चन फुलांनंतर आणि धुपाआधी. उदबत्ती पूजेच्या सुरुवातीलाच लावून टाकली असेल तर धुपाच्या वेळी दुसरी लावा.

## ७. प्रत्यक्ष अर्चन

ध्यान. ‘सिंदूरारुणविग्रहां त्रिनयनां’ हा ध्यानश्लोक एकदा, सावकाश म्हणा. श्लोक येत नसेल तर डोळे मिटून त्यातलं रूप आठवा: शेंदरी लाल कांती, तीन डोळे, मुकुटावर चंद्र, हसरा चेहरा, हातांत रत्नांचा चषक आणि लाल कमळ, पाय रत्नघटावर. मिनिटभर पुरे. हे वगळून थेट पहिल्या नावाला हात घालू नका. मन अजून स्वयंपाकघरात असतं.

चिमटी. उजव्या हाताचा अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांनी चिमटी धरायची. तर्जनी वापरत नाहीत. चिमटी तुरीच्या दाण्याएवढी. सुरुवातीला उत्साहाने मोठ्या चिमटी घेतल्या जातात आणि सहाशेला वाटी रिकामी होते, म्हणून पहिल्या शंभरात मुद्दाम हात आखडता ठेवा.

नाव आणि हात. नाव पूर्ण उच्चारायचं, ‘नमः’ म्हणायचं आणि ‘नमः’वर चिमटी सोडायची. नाव चालू असताना हात वाटीकडे जातो, ‘नमः’ला देवीकडे येतो. ही लय पहिल्या पन्नास नावांत बसली की पुढे आपोआप चालते. नाव अर्धं असताना कुंकू पडू देऊ नका.

कुठे वाहायचं. दोन रीती आहेत. एकीत सगळं कुंकू चरणांवर वाहतात. दुसरीत चरणांपासून सुरुवात करून हळूहळू वर जात मस्तकापर्यंत येतात, शेवटी मूर्ती कुंकवाने झाकून जाते. घरची रीत असेल ती पाळा, नसेल तर दुसरी घ्या. दुसऱ्या रीतीत दर शंभर नावांना थोडं वर सरकायचं एवढं लक्षात ठेवलं की सगळं कुंकू एकाच बाजूला साचत नाही.

वेग. पहिल्या शंभरानंतर घड्याळ लावून एक मिनिट मोजा. मिनिटाला १२ ते १५ नावं हा चांगला वेग. २०च्या वर गेलात तर अक्षरं गळायला लागली आहेत असं समजा, तुम्हाला तसं वाटत नसलं तरी. वेग बहुधा ‘नि’च्या माळेत आणि शेवटच्या दोनशेत वाढतो.

थांबे. रेघ ओढलेल्या दहा नावांवर क्षणभर थांबा. बोटं पुसा, एक घोट पाणी प्या, पाठ सरळ करा. पाणी प्यायल्याने अर्चन मोडत नाही.

मोबाइल. ध्वनिफीत लावून तिच्यामागे चिमटी टाकत बसणं ही आता सर्रास पद्धत झाली आहे. मला ती पटत नाही. ध्वनिफीत शिकण्यासाठी उत्तम आहे, महिनाभर रोज ऐका. पण अर्चनाला नाव आपल्या तोंडून जायला हवं. सगळी नावं जमत नसतील तर घरातली एक व्यक्ती नाव म्हणेल आणि बाकीचे ‘नमः’ म्हणतील. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

### सामूहिक अर्चन असेल तर

नाव एकीनेच सांगायचं, बाकीच्यांनी ‘नमः’. दोघी-तिघी वेगवेगळ्या वेगाने नावं म्हणू लागल्या की सगळं विस्कटतं. सांगणारी बदलायची असेल तर शंभराच्या थांब्यावरच बदला. कुंकवाच्या पुड्या आधी वजन करून वाटा. प्रत्येकीचं ताम्हन आणि सुपारी वेगळी. उशिरा आलेली बाई चालू नावापासून बसेल, तिने मागची नावं भरभर म्हणत गाठायचा प्रयत्न करू नये.

आणि पती हयात नसलेल्या बायकांना या पंगतीतून वगळू नका. अजूनही काही ठिकाणी हळूच मागच्या रांगेत बसवतात. जिचं पहिलंच नाव ‘श्रीमाता’ आहे, तिला कुंकू वाहण्याचा हक्क तिच्या कुठल्याच लेकीकडून काढून घेता येत नाही. पुरुषांनीही जरूर बसावं.

## ८. मध्येच काही चुकलं तर

नाव गळलं किंवा पान उडालं: शेवटच्या रेघेच्या नावापर्यंत मागे या आणि तिथून पुन्हा म्हणा. काही नावं दोनदा झाली तर चालतील, गळलेली राहू देऊ नका. पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही.

कुंकू संपलं: ताम्हनातलं वाहिलेलं कुंकू उचलून परत वाहू नका. उरलेल्या नावांना अक्षता किंवा फुलांच्या पाकळ्या घ्या.

उठावं लागलं: लहान मूल रडलं, दार वाजलं, तर नाव पूर्ण करा, पोथीत खूण ठेवा, जा. परत येऊन हात धुऊन, डोळ्यांना पाणी लावून पुढे चला.

समई विझली: पुन्हा लावा. त्यातून शकुन काढत बसू नका.

उच्चार चुकला: लक्षात आला तर ते नाव एकदा नीट म्हणा. क्षमाप्रार्थनेत ‘यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं च यद्भवेत्’ म्हणतो ते याचसाठी. पण ही ओळ आहे म्हणून सराव टाळू नका.

## ९. कुंकू उतरवणं

आरती झाल्यावर लगेच कुंकू काढायची घाई नको. मूर्ती निदान संध्याकाळपर्यंत, शक्य असेल तर दुसऱ्या दिवसाच्या पूजेपर्यंत तशीच ठेवा. वर पातळ कोरडं कापड टाका.

उतरवताना आधी कोरड्या मऊ ब्रशने सगळं कुंकू ताम्हनात झाडा. टाकाच्या कोरीव रेषांत, मूर्तीच्या बोटांमध्ये कुंकू अडकतं, तिथे ब्रशच लागतो. पूर्ण झाडून झाल्यावरच पाणी. पाणी आधी घातलं तर उरलेलं कुंकू खाचांत घट्ट बसतं.

झाडलेलं कुंकू चाळून कोरड्या डबीत भरा. अक्षता, पाकळ्या वेगळ्या होतील. डबीवर तिथी लिहा. हे कुंकू रोज लावायला, आलेल्या सवाष्णींना आणि लेकीबाळींना द्यायला ठेवा. परगावी, परदेशी असलेल्या मुलांना छोट्या पुडीतून पाठवा, त्यांना त्याचं फार अप्रूप असतं. पुढच्या अर्चनाला मात्र नवीन कुंकू घ्यायचं.

उरलेलं कुंकू नदीत किंवा विहिरीत टाकू नका, मोरीतही नको. हळदीचं असेल तर बागेत, पायाखाली येणार नाही अशा जागी मातीत मिसळा. सुपारी आणि विड्याची पानं त्याच मातीत जातील. डबी भरली की पोथी उघडा आणि ज्या नावांवर आज जीभ अडखळली त्यांच्यासमोर पेन्सिलने बारीक फुली करून ठेवा. पुढच्या शुक्रवारपासून सराव तिथूनच सुरू करायचा.